उंबऱ्याबाहेरची सरजाबाई

पालमच्या बाजारात स्कूटर मागे घेताना मी मागचं सोडून सगळीकडे बघतो, असं बायको म्हणते. परवा चाक थेट सरजाबाईच्या टोपलीवर गेलं. हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला.

"भाऊ, गोळ्या इकायचं सोडून बांगड्या फोडायचा धंदा कवापासून काढला?"

काचा वेचताना मी स्वतःचं बोटही कापून घेतलं. शेवटी माझ्याच मेडिकलात बसवून तिनंच मला पट्टी बांधली.

सरजाबाई गावोगाव बांगड्या भरते. गर्भार सुनेचा हिरवा चुडा म्हटलं की तिलाच निरोप जातो. पण चुडा आत जातो, ती उंबऱ्याबाहेर थांबते. लेकरू नसलेल्या बाईचा हात नको म्हणून बांगड्या चढवते घरचीच कुणी. माप चुकलं की आतून हाक येते, आणि ही बाहेरूनच मनगटाचा अंदाज बांधून दुसऱ्या देते. त्या बरोबर बसतात.

"परभणीला जाऊन आलीस म्हणे?" मी विचारलं.

"आले की. धा वर्सं सासूनं नवस करून घेतले, आता पिशवीचा फोटू काढला. दोनी नळ्या बंद. डॉक्टरीनबाई म्हनली, नवऱ्याकडून रोग आला आसंल, तुला कळला बी नसंल. येळंवर गोळ्या घेतल्या असत्या तर नळ्या वाचल्या असत्या."

तिचा नवरा दत्ता, ट्रकवर असतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो गुप्तरोगाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन माझ्याच दुकानात आला होता. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं, नवरा-बायको दोघांनी घेणे. "एकाच्याच द्या," दत्ता म्हणाला, "तिला काय झालंय? ठणठणीत हाय." खोकल्याच्या बाटलीबरोबर दहा सल्ले फुकट देणारा मी, त्या दिवशी लाजलो. एकाच्याच गोळ्या पेपरात गुंडाळून दिल्या. त्यानंतरही ती रोज दुकानासमोरून जायची. "भाऊ, बरं हाय का?" विचारायची. मी "बरं हाय" म्हणायचो.

परवा तिला सगळं सांगून टाकलं. ती पट्टीची गाठ मारत होती, ती तिनं पुरी मारली. मीच विचारलं,

"तेव्हा तुला सांगितलं असतं, तर काय केलं असतंस गं?"

"गोळ्या खाल्ल्या असत्या."