पोपटीत गेलेली हद्द

कुंपणानं शेत खाल्ल्याचं तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे मी कुंपणावर पोपटी शिजवून खाल्ली.

परसातल्या पांढऱ्या कांद्यावर माझ्या बायकोचा, सुनंदाचा, भारी जीव. पण परसाभोवतीच्या जुन्या काटेरी कुंपणाला, म्हणजे वईला, भगदाडं पडलेली आणि मोकाट गुरं रोज आत! शेवटी नगरपरिषदेत पक्क्या कुंपणासाठी अर्ज केला. "उद्या पाहणीला येतो," साहेब म्हणाले. झालंच की काम! (मला आनंद नेहमी आगाऊच होतो.) त्याच संध्याकाळी शेजारच्या पांडूदादाला पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, सगळं ठासून भरलं आणि नेमकं जळण कमी पडलं. वई तशीही जाणारच होती. दोघांनी मिळून उपटली आणि जाळात घातली! पोपटी अशी झाली म्हणता की पांडूदादा बोटं चाटत घरी गेला.

सकाळी साहेब आले.

"जुनी हद्द कुठाय?"

"होती."

"होती म्हणजे?"

"पोपटीत गेली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग शेजाऱ्यानं हद्द मान्य करून सही द्यायला हवी. नाहीतर परवानगी विसरा!"

घाईघाईनं मी बोट दाखवलं, "हद्द इथनं जाते, साहेब!" (बोट थेट पांडूदादाच्या गोठ्यात गेलं.)

"आरं वा! मंग माजी म्हस पन तुजीच का?" गोठ्यातनं पांडूदादा भडकला. "न्हाय देत सही, जा!"

तेवढ्यात सुनंदा बाहेर आली. बाई असावी तर अशी! ना आवाज, ना आदळआपट. सुंभाची गुंडी तिनं पांडूदादाच्या हातात दिली.

"दादा, हद्द तुम्हीच आखा. तुम्ही म्हणाल तिथं आमचं कुंपण."

पांडूदादानं सुंभ ताणला आणि खुंटी ठोकली ती स्वतःच्या जागेत वीतभर आत सरकून!

"वयनी, कांद्याला जागा नको व्हय?"

मला भरूनच आलं. दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं. त्यानं सही केली, साहेब हसत गेले. आता कागद हातात येईपर्यंत थांबायचं, एवढंच. पण कांदे कोण राखणार?

"अहो," सुनंदानं माझ्या हातात काठी दिली, "वई तुम्ही जाळलीत ना? मग तिच्या जागी तुम्हीच उभे राहा."

उभा आहे. गुरं येतात, मला क्षणभर न्याहाळतात आणि नेमकी माझ्याच अंगावरनं आत शिरतात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. जुन्या वईला निदान काटे तरी होते!