नऊ जणांची यादी

"‘ते लोक’ म्हणजे कोण? नाव सांगा."

आमचे जर्मन साहेब चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारत. दुबईत, जबल अली बंदराजवळच्या आमच्या गोदामात ते मालतपासणीचे प्रमुख होते, मोजणी माझ्याकडे. ‘अमक्या देशाचे ना, असेच असणार’ म्हणणारे तुमच्याही ऑफिसात असतील. साहेबांपुढे अशांची पंचाईत व्हायची.

एकदा माझीही झाली. दुकानांतून परत आलेल्या मालात अठ्ठेचाळीस खोके कमी भरले. पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचून बांधलेले खोके, फोडणारे नऊजण, सगळे एकाच गावचे. मॅनेजर म्हणाला, "सब मिले हुए हैं. नऊंचाही व्हिसा कॅन्सल. खलास!" यादी मी टाइप केली.

साहेबांनी ती वाचली. "यातल्या कोणी चोरलं?"

"सर, कोणीच बोलत नाही."

"मग नऊ नावं कशी आली?"

त्यांनी मला चहाला नेलं आणि आईबद्दल सांगितलं. "दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फार भयंकर केलं, हे आधी सांगतो," ते म्हणाले. युद्ध संपल्यावर आताच्या चेक देशात, बोहेमियातल्या त्यांच्या गावातून सगळी जर्मन कुटुंबं हाकलली गेली. आई सहा वर्षांची. जर्मन म्हणून ओळखू यावं यासाठी दंडाला पांढरी पट्टी, हातात बोचकं. "म्हातारी अजून विचारते, मी काय केलं होतं?"

चहा मला गोड लागेना.

सात पॅलेटपैकी सहा फोडून झाले होते, सातवा तसाच बांधलेला होता. "यल्ला, चला, वरचं आवरण काढा," साहेब म्हणाले. काढलं. मधोमध पोकळ! मी बाहेरून तीन गुणिले तीन मोजून थराला नऊ खोके लिहिले होते, होते आठच. थरामागे एक, आठ थर, सहा पॅलेट. अठ्ठेचाळीस. ते खोके कधी आलेच नव्हते.

"अभिनंदन," साहेब म्हणाले, "चोर सापडला."

मॅनेजरसमोर यादी फाडली आणि त्या नऊजणांची माफी मागायला गेलो. "वीस वर्षं मोजणी करतोय, पण या वेळी मीच चुकलो," म्हणालो. त्यांच्यातला सर्वांत वयस्क म्हणाला, "हो जाता है साहब. लेकिन अगली बार हमसे पूछ लेना, हम ही तो उठाते हैं."

तेव्हापासून विचारतो. साहेब पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन आईकडे गेले.

माफी मागितली त्या संध्याकाळी मात्र त्यांनी आपली गाडी तिथंच ठेवली आणि त्या नऊजणांबरोबर कंपनीच्या बसमध्ये चढले. बस वळली तेव्हा मला खिडकीतून दिसलं: कोणी तरी त्यांना मोबाइलवर आपल्या लेकीचा फोटो दाखवत होतं, आणि साहेब अगदी जवळ वाकून तो पाहत होते.