समुद्रासाठी दगड

तुकोजींना एखादं वेड लागलं की ते अर्ध्यावर थांबत नसे. कुंभकोणमच्या बाजारात त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. तरुणपणी मद्रासला काचेमागे पोहणारे समुद्रातले मासे त्यांनी पाहिले होते. पन्नाशी उलटल्यावर, एकोणीसशे पंचावन्न साली, तसे मासे आपल्या ओसरीवर हवेत असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि एक मोठी काचेची पेटी घरी आली.

पहिला प्रयत्न पार फसला. तरंगंबाडीहून त्यांनी समुद्राचं पाणी आणलं, ते दुकानातल्या सर्वांत देखण्या तांब्याच्या हंड्यातून. देवाचं पाणी तांब्यात ठेवतात, मग समुद्राचं का नको? संध्याकाळी मासे उताणे तरंगत होते, खेकडा हलत नव्हता, आणि हंड्याच्या तळाशी हिरवट पाणी उरलं होतं.

"अहो, ताक कोणी तांब्याच्या भांड्यांत ठेवीत नाही, आणि तुम्ही समुद्र ठेवलात!" त्यांची बायको भवानी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "विठोबाच्या घरांत जीव मारायला आणतात कां? आणखी एक जीव गेला, तर ही पेटी ओसरीवर राहायची नाही. सांगून ठेवितें."

भवानी बोलली म्हणजे बोलली. संधी आता एकच होती.

माशांना लपायला दगड हवा होता. मद्रासचा शोभेचा दगड परवडणारा नव्हता. मूर्तिकाराच्या अंगणातल्या कपच्या फुकट मिळत होत्या, पण एकीवर हिरवी रेघ दिसताच तांब्याच्या शंकेने तुकोजींनी सगळ्याच टाकून दिल्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, ताकही फुंकून पिणारच!

मग साक्कोट्टैच्या वाटेवरची चुनाभट्टी त्यांना आठवली. पान खाणाऱ्या गावाला चुना लागतोच. भट्टीवाल्या स्वामीनाथकडे समुद्रातून आलेल्या पोवळ्याच्या दगडांचा ढीग पडला होता, पांढरा, भोकाभोकांचा. तुकोजींना तर हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. समुद्राचाच दगड, आणि तो इथे जळायची वाट बघतोय!

धोका मात्र होता. ढिगात अर्धवट भाजलेले दगडही मिसळलेले. असा एक जरी पेटीत गेला, तरी त्याचा चुना माशांना जाळून टाकेल. तुकोजी उकिडवे बसले. प्रत्येक दगडावर पाणी शिंपडायचं आणि तळहात टेकवायचा. चुरचुरला, गरम झाला, की फेका. गार राहिला त्यावर चिंचेचं पाणी टाकायचं. बारीक बुडबुडे उठले की तुकोजी ओरडायचे, "हा अस्सल!"

"रावांना ऊन लागलं," स्वामीनाथ तमिळमध्ये गड्याला म्हणाला. पण तुकोजींच्या दुकानातलं एक चेपलेलं पितळी तपेलं मोबदल्यात घेऊन त्याने टोपलीभर दगड आनंदाने दिले.

दगड मातीच्या रांजणांत भिजले. त्यांचा कुबट वास पूर्ण जाईपर्यंत तुकोजी पाणी बदलत राहिले. यावेळी समुद्राचं पाणी आणायला भवानीने लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून, घासूनपुसून पुढे ठेवल्या.

नवे दोन मासे आणि खेकडा पेटीत सोडताच तिघेही दगडांत गडप झाले. तुकोजी दिवसभर वाटीने पाणी उंचावरून ओतत होते, हवा मिळावी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत कुणीच दिसेना. भवानी येऊन पेटीसमोर बसली आणि बघत राहिली.

"अहो! अहो, या इकडे!"

एका भोकातून खेकडा बाहेर आला होता आणि दगडावरचं काहीतरी खरवडून खात होता. मागून पट्ट्यापट्ट्यांचा एक मासा निघाला, मग दुसरा. भवानी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. तिच्या आवाजाने शेजारच्या सरस्वतीअक्का धावत आल्या, त्यांच्यामागून अर्धी गल्ली. तुकोजींना हसू आणि रडू एकदमच आलं.

गर्दी पांगल्यावर भवानीने विचारलं, "पुढचं पाणी आणायला कधी जाणार?"

"सोमवारी."

"मी येऊं कां?" ती पेटीकडेच बघत होती. "मी समुद्र पाहिला नाही अजून."

लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि हे तुकोजींनी तिला कधी विचारलंच नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"सोमवार कशाला?" ते उठले. "नेस लुगडं. दुपारची गाडी मिळेल."