डाव्या अंगाचा बैल

सन १९९६. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो आणि सरकारी कागदावर चोर होतो.

चोरी बैलाची, तीही माझ्याच. पाच वर्षांपूर्वी सुरगाण्याकडच्या एका माणसाकडून बाजारात घेतलेला पांढरा बैल, पाठीवर काळा डाग. पावती मागितली नाही. माणसाच्या तोंडाकडं बघून बैल घेणारे आम्ही. शेजारगावच्या आडत्याचा तसाच बैल हरवला, आणि त्यानं माझ्या गोठ्यात येऊन बोट दाखवलं. पोलिसांनी बैल नेला, केस मिटेपर्यंत पोलीस पाटलाकडं बांधला. मला सिन्नरच्या कोर्टाच्या तारखा लागल्या.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, कबूल करून टाका. कोर्ट उठंपर्यंत बसायचं, थोडा दंड, की झालं मोकळं."

"आन् बैल?"

"बैल जाईल. तुम्ही तर सुटाल."

"चोर म्हणून सुटू? तुझ्या बहिणीला चोराची बायको करू?"

"लय ताठ हायेत तुम्ही."

"हाय तर हाय."

वकीलबाई केली, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं सगळे कागद वाचले, पण चोरी केली का, हे काही विचारीना. मला राग आला.

"बाई, मी चोरी केली का, ते तर विचारा."

"काका, ते ठरवणं माझं काम नाही. केली हे सरकारनं सिद्ध करायचं. नाही केली हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं."

"मग मी कोर्टात बोलायचं काय?"

"गुन्हा कबूल नाही, एवढंच. बाकी गप्प. गप्प बसणं तुमचा हक्क आहे."

"हे आमच्या मंडळीला सांगा. तीस वर्षांत तिनं मला गप्प बघितलेलं नाय."

ती हसली. मग म्हणाली, "डाग दोन्ही बैलांना. हा तुमचाच कशावरून?"

"तो डाव्या अंगाचा हाय."

शहरात वाढलेली, तिला कळेना. मी तिची दोन जाड पुस्तकं बैलजोडीसारखी शेजारी शेजारी मांडून दाखवली. गोऱ्हा असताना ज्या बाजूला शिकवला, त्याच बाजूला बैल जन्मभर ओढतो. बाजू बदलली की गाडी खड्ड्यात. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. चौथी नापास माणसाचं बोलणं वकील लिहून घेते, हे बघून माझी छाती फुगली.

साक्षीच्या तारखेला तिनं मला गाडी जुंपून बोलावलं. उजवीकडं माझा राहिलेला बैल, डावीकडं शेजाऱ्याचा मागून आणलेला. पोलीस पाटलानं भांडणातला बैलही आणला होता. आडत्या पिंजऱ्यात उभा राहिला.

"हा बैल तुमच्याकडे किती वर्षं राबला?" बाईनं विचारलं.

"चार वर्षं."

"कोणत्या बाजूला जुंपत होता?"

आडत्याच्या घरी दहा वर्षं ट्रॅक्टर. बैल गड्यांनी राबवलेला. त्यानं इकडंतिकडं बघितलं. "उजव्या."

सरकारी वकील नको म्हणत होते, पण न्यायाधीश साहेब व्हरांड्यात आले. माझा राहिलेला बैल सोडून त्याच्या जागी, उजवीकडं, भांडणातला बैल घातला. त्यानं मान झटकली, मागचे पाय आडवे टाकले, गाडी वाकडी केली. पाटलानं मारलं तरी हलेना. मग शेजाऱ्याचा काढला, माझा उजवीकडं परत घातला, आणि त्याला डावीकडं आणलं. मान त्यानं स्वतः जुवाखाली दिली. वर्षभरानं जोडीदाराला चाटलं आणि सरळ चालायला लागला. अंगण हसलं. मी मात्र गप्पच, हक्कानं.

पुढच्या तारखेला साहेबांनी वाचलं: शंकेचा फायदा आरोपीला, निर्दोष, बैल परत. मी बाईला म्हणालो, "शंका कशाची? बैल माझाच." ती म्हणाली, "काका, आता तरी गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल डावीकडं जुंपला आणि शेताची वाट सोडून मेव्हण्याच्या दारावरून गाडी नेली. तो दात घासत उभा होता.

"दाजी, इकडं कुठं?"

"चल, बस गाडीत," मी म्हणालो, आणि त्याला गावभर फिरवून आणला.