मामांच्या बैठकीतला फ्रिज

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बोरच्या जंगलातला वाघ हिंगणीकडे दिसला की लोक घाबरतात. मामा केळझरला बसून घाबरतात ते हातात पेन घेतलेल्या माणसाला. डासांची फवारणी करणारा दारात आला तरी त्यांना वाटे, हा आपल्या खुर्च्या मोजून गेला. नवी मोटारसायकल दिवसा शेजाऱ्याच्या गोठ्यात उभी असे, आणि मटण शिजायला लागलं की घराच्या खिडक्या बंद होत. या साऱ्याचं मूळ म्हणजे पिवळं रेशनकार्ड. "कार्ड केशरी झालं तं तुमच्या मामीच्या गोळ्या कुठून आणू, जवाईबापू?" असं ते इतक्या काकुळतीने विचारत, की हसता हसता मीही दाराकडे बघायला लागे.

अशात गावात एक पाहणी आली. निवडलेल्या घरांत काही वर्षांनी पुन्हा जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि गरिबी किती हटली ते पाहायचं. त्यात नेमकं मामांचं घर निघालं. मामांनी मला सेलूहून बोलावून घेतलं. बैठकीतल्या नव्या फ्रिजवर मामीचं लुगडं पांघरलं, वर गणपतीचा फोटो ठेवला, उदबत्ती लावली. पाहणीवाल्या मुलीने चपला काढून फ्रिजला मनोभावे नमस्कार केला. तेवढ्यात देव गुरगुरायला लागला. मामा घामाघूम होऊन मोठ्याने आरती म्हणू लागले. टाळ्या वाजवायला मी होतोच. "याचा कार्डाशी काही संबंध नाई, काका," मुलगी समजावत राहिली. पण फ्रिज नाही, टीव्ही नाही, गाडी नाही, हेच मामांनी शेवटपर्यंत सांगितलं.

पुढे मामीचं दुखणं गोळ्यांवर भागेना. ती नागपूरला भरती असताना गाडी गेली, टीव्ही गेला, शेवटी फ्रिजही गेला. मागच्या दाराने घरी आणल्यावर ती आतल्या खोलीतच पडून असायची. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टीव्ही का लावत नाही म्हणाली, की मामा सांगत, डॉक्टरने आवाजाला मना केलंय. "तिले समजलं तं थे दवाच घ्यायची नाई," ते मला कुजबुजत म्हणाले. ही त्यांची नवी भीती, आणि या भीतीला मला हसता येईना.

यंदा तीच मुलगी पुन्हा आली. फ्रिजच्या जागी फरशीवर नुसता पांढरा चौकोन उरला होता. पडद्यापलीकडे मामी जागी होती.

"काका, फ्रिज आहे?"

"हाये नं," मामा पडद्याकडे पाहत मोठ्याने म्हणाले. टीव्ही? हाये. गाडी? हाये. मुलीने फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही आता काही विचारते की काय, या धास्तीने मी पडद्याकडे बघितलं. तिने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मामांनी सांगितलं तेच लिहिलं असेल, तर ते घर गरिबीतून वर आलं.

"अहो," आतून मामीचा क्षीण आवाज आला, "पोरगी उनातून आली. तिले फ्रिजातलं पाणी द्या."

मामा माठाकडे गेले. पेला आणताना निम्मं पाणी सांडलं. मुलगी उरलेलं प्यायली आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "लय थंड हाये, काकू."

मामा त्या पांढऱ्या चौकोनावर उभे होते. मुलीच्या हातात अजून पेन होतं, पण त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.