मागचा जन्म नको म्हणणाऱ्या बाई

साळवे बाई गेल्याचं कळलं तेव्हा माझे दोन्ही हात एका बैलाच्या खुरात गुंतले होते. मी जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक आहे, म्हणजे जखमा धुवायच्या, औषध लावायचं आणि मालकाच्या शिव्या खायच्या. खिशातला मोबाइल वाजत राहिला. शेवटी बैलाच्या मालकानंच तो काढून माझ्या कानाला लावला. पलीकडे बाईंचा भाचा मिलिंद होता. ‘‘काका, आत्या गेली. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि खुर्चीतच...’’ बैल पाय झाडत होता. मी पट्टी पुरी केली, गाठ मारली आणि मगच बाहेर येऊन पायरीवर बसलो. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी त्या जनावराचं बघा, मी कुठं पळून चाललेय.

त्याला आता सहा आठवडे झाले. बाईंबद्दल लिहा असं चार जणांनी सांगितलं, पण मला त्यांची एकच गोष्ट नीट सांगता येईल. माझं पहिलं पुस्तक त्यांनी अडवलं, तीन वर्षं अडवून धरलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं नाणेघाटाजवळच्या घाटघरला काढली, मग खाली मंचरला आल्या. शाळा सांभाळून तिथल्या बाजाराच्या मागच्या गल्लीतलं वाचनालयही त्या बघायला लागल्या. कांद्या-बटाट्याचे व्यापारी तिथं पेपर वाचायला यायचे. त्यांना बाई आधी दारातल्या बादलीत हात धुवायला लावायच्या. भलेभले आडते निमूट हात धुऊन, धोतराला पुसून आत यायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं जमायची आणि बाई त्यांना गोष्ट वाचून दाखवायच्या. वाचताना त्यांचा एक डोळा कागदावर आणि एक सतरंजीवर असायचा. एखादं पोर सतरंजीच्या दशा ओढायला लागलं की बाई वाचता वाचताच त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायच्या. तालुक्यातले आम्ही चार-पाच हौशी लेखक आपापली बाडं त्यांच्याकडे द्यायचो आणि टिंबं मोजत परत यायचो. माझ्या एका कथेत एकदा एवढी टिंबं पडली की बाई म्हणाल्या, ‘‘सोपानराव, ही गोष्ट आहे की देवीची साथ?’’

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुलांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहिली. घाटघरचा राणू नावाचा दहा वर्षांचा भित्रा मुलगा. एके दिवशी त्याला आठवतं की हजारो वर्षांपूर्वी आपण नाणेघाटाचे राखणदार होतो. कड्याखाली पुरलेली जादूची तलवार कुठं आहे, तिचा मंत्र कोणता, शत्रू कुठून येणार, सगळं आठवतं. मग काय, राणू तलवार काढतो आणि घाट राखतो. बाईंनी ती पाच शनिवार वाचली. आणि काय सांगू, अख्ख्या बाडात एकही टिंब नाही! मुलं दशा ओढायची विसरली होती. पुण्याच्या एका प्रकाशकानंही छापतो म्हणून कळवलं. मी पेढे घेऊन गेलो. बाईंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. ‘‘एकदा घाटघरला वाचून बघू. गोष्ट तिथली आहे,’’ एवढंच म्हणाल्या.

हिवाळ्यात आम्ही दोघं जुन्नरहून एसटीनं घाटघरला गेलो. शाळेत वाचन झालं, तिथंही मुलं चिडीचूप. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी भात-आमटी जेवून आम्ही ओट्यावर बसलो होतो. समोर मुलांनी राणूचा खेळ मांडला होता. कुणी राखणदार, कुणी शत्रू. एक मुलगी मात्र शाळेच्या पायरीवर एकटीच बसली होती. मंदा तिचं नाव. बाईंनी मुलांना विचारलं, हिला का घेत नाही रे?

‘‘ती मागल्या जन्मी फितूर व्हती,’’ राखणदार झालेला पोरगा म्हणाला. ‘‘तिनंच घाटाचं दार उघडलं.’’

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘मला आठवलं. गोष्टीत राणूला आठवतं, तसं.’’

बाईंनी मंदाला जवळ बोलावलं. ती आली, बाईंच्या पदराशी उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, ‘‘बाई, मला तर कायच आठवत नाय. मी केलं असंल का वं?’’

मी हसलो. पोरांचं काय एवढं मनावर घ्यायचं, असं मला वाटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी राखणदाराला असं काही झापलं की तो तलवार टाकून घरी पळाला. मंदाला त्यांनी एसटी येईपर्यंत शेजारी बसवून ठेवलं.

परतीच्या एसटीत त्या आपणहून बोलल्या. एवढं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. त्या लहान असताना त्यांना वर्गाच्या बाहेर, दाराशी बसावं लागे. का, म्हणून त्यांनी गावातल्या एका म्हातारीला विचारलं. म्हातारी प्रेमळ होती, तिनं प्रेमानंच सांगितलं, ‘पोरी, मागल्या जन्मी काहीतरी केलं असशील.’ बाई म्हणाल्या, ‘‘मी कितीतरी दिवस आठवून बघत होते हो. काय केलं असेल मी? कुणाचं काय चोरलं असेल? मग छप्पन सालानंतर आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली. घरी आले आणि मला मांडीवर घेऊन म्हणाले, आता मागला जन्म संपला पोरी, हाच एक. मला एवढं हलकं वाटलं... सात दिवस नुसती उड्या मारत होते मी.’’

मी वाद घातला. हरणार असं दिसलं की मी जोरात बोलतो, ही माझी खोड. दुबळ्या पोराला आपण कुणीतरी मोठे होतो असं कळलं तर त्याला बळ मिळतं, मी म्हणालो. आणि तुमच्या बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या कथा आहेतच की! बाई म्हणाल्या, ‘‘आहेत, आणि मी त्या मुलांना वाचून दाखवते. त्यातला ससा त्याच जन्मात काय करतो तेवढं वाचते. पुढं तो कोण झाला, ते सांगत नाही.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘तुमचा राणू जिंकतो तेव्हा जिंकतं कोण? तो म्हातारा राखणदार. त्याला सगळं आधीच ठाऊक. पोरगं नुसतं त्याचं सामान वाहतंय. आणि ज्याला काहीच आठवत नाही त्या मंदानं काय करायचं?’’

आणि मग, का कोण जाणे, जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्या एसटीत सांगून टाकलं.

माझ्या आधी आमच्या घरात एक सोपान होता. सात वर्षांचा होऊन तापानं गेला. आमच्याकडं एक मूल गेलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू असं काहीतरी ठेवायची रीत, म्हणजे दृष्ट लागत नाही. माझ्या आईनं ऐकलं नाही. सोपानच परत आलाय म्हणाली, आणि तेच नाव ठेवलं. मी तीन वर्षांचा असताना म्हणे मला त्याचा हरवलेला भोवरा सापडला, धान्याच्या कणगीमागं. आईनं हंबरडा फोडला. आमचं अख्खं गाव, अवसरी बुद्रुक, गोळा झालं. तेव्हापासून लोक मला विचारायचे, अजून काय आठवतं रे? आणि मी सांगायचो. बैलांची नावं, आजारपणातली गोधडी, आईनं पाजलेला काढा. सगळं कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं. आईचा चेहरा फुलायचा आणि मला अजून काहीतरी सांगावंसं वाटायचं. खरं म्हणजे मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पस्तिशी उलटली तरी मी तेच नाटक करत होतो.

‘‘मग राणूलाही म्हणू द्या की, मला काही आठवत नाही,’’ बाई म्हणाल्या.

‘‘आणि आईनं ऐकलं तर? तिचा एक मुलगा पुन्हा मरेल बाई.’’

जुन्नर आलं तेव्हा बाई उतरता उतरता म्हणाल्या, ‘‘मग पुस्तक राहू द्या. आई मोठी आहे. पण हे असं छापू नका.’’

मला राग आला होता. एकही टिंब नसलेलं बाड, छापायला तयार प्रकाशक, आणि ही बाई एका पोरीच्या खेळावरून मला थांबवते! सात-आठ महिने मी वाचनालयाची पायरी चढलो नाही. बाईंनी निरोप पाठवला नाही, पण मिलिंदच्या हातून दर महिन्याला एक पुस्तक पाठवत राहिल्या, आत एक कोरा कागद घालून. त्या कोऱ्या कागदाचा मला भारी संताप यायचा. पण मंदाचा आवाजही डोक्यातून जाईना. एखाद्या गायीच्या पायाला पट्टी बांधताना मध्येच ऐकू यायचा. शेवटी प्रकाशकाला नकार कळवला, आईला कुठं वाचता येतंय अशी मनाची समजूत घातली आणि बाईंच्याच कागदांवर नव्यानं लिहायला बसलो. नव्या गोष्टीत राणूला काहीच आठवत नाही. गावच ठरवतं की हा राखणदाराचा अवतार. तोही लाडाला भुलून हो म्हणतो, खोट्या आठवणी सांगतो. आणि शत्रू खरोखर घाट चढायला लागतो तेव्हा त्याला सगळ्यांसमोर म्हणावं लागतं, ‘‘मला काही आठवत नाही. तलवार कुठं आहे मला माहीत नाही. पण मी इथं थांबतो.’’ मग तो काय करतो, ते त्याला स्वतःच शोधून काढावं लागतं.

बाईंनी वाचून तीन टिंबं दिली आणि मान्यही केलं, ‘‘असा मागचा जन्म चालेल. लोकांनी पोराच्या गळ्यात घातलेला, आणि त्यानं स्वतः उतरवलेला.’’

पुस्तक छापून आलं. आईला अक्षरओळख नव्हती, पण माझं नाव छापलंय म्हटल्यावर ती हट्टाला पेटली, मला वाचून दाखव. माझी छाती होईना. आज कामं आहेत, उद्या बघू, असं करत महिना काढला. बाईंना कळलं तशा एका रविवारी त्या थेट अवसरीला आल्या, ओसरीवर पाय पसरून बसल्या आणि चष्मा लावला. आई शेंगा फोडत ऐकत होती. मी गोठ्यात उगाच म्हशीच्या कानात गोचीड शोधत उभा होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं. ‘‘मला काही आठवत नाही’’ ही ओळ आली आणि शेंगा फुटायचा आवाज थांबला.

‘‘सोपाना, हिकडं ये,’’ आईनं हाक मारली. मी गेलो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘मला काय ठावं नव्हतं व्हय? कणगीमागं भवरा म्याच ठिवला व्हता. तुला खेळायला सोडलं आन् दारात बसून बघत व्हते, तू तितं जातो का. तीन दिस बघत व्हते. चवथ्या दिशी गेलास.’’

आई डोळे पुसत पुढं म्हणाली, ‘‘धीरच निघंना रं मला. तू येवढासा, काय बी इचारलं की सांगायचास. मला बी ग्वाड लागायचं. पर तुझ्यावर लई भार टाकला म्या. कायतरी दुसरं नाव ठिवाया पायजे व्हतं तुझं.’’

‘‘आता राहू दे आई,’’ मी म्हणालो, ‘‘सर्व्हिस बुकात सोपानच लागलंय.’’ ती रडता रडता हसली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. पस्तिशी उलटलेला, मिशा असलेला बाप्या मी, पण आई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवतेय असं मला वाटलं. बाई चष्मा पुसत होत्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘पुढं वाचू का?’’ आणि आई म्हणाली, ‘‘वाचा की. पोराचं पुढं काय झालं त्ये तर कळू द्या.’’

त्यानंतर आई नऊ वर्षं जगली. त्या नऊ वर्षांत तिनं मला माझ्या लहानपणाच्या गोष्टी सांगितल्या. मी कधी पडलो, कशाला घाबरायचो, काय खायचो नाही. त्या सोपानच्याही सांगितल्या, पण वेगळ्या करून. मलाही मग त्या थोरल्या भावाबद्दल माया वाटायला लागली. ही नऊ वर्षं मला साळवे बाईंनी दिली. त्यांना हे मी कधी सांगितलं नाही. एकदा सांगायला गेलो तर म्हणाल्या, ‘‘तुमची दुसरी कादंबरी कुठवर आली ते सांगा.’’

गेल्या रविवारी वाचनालयात बाईंसाठी आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. एका आडत्यानं आठवणीनं हात धुतले, तेव्हा मात्र सगळेच गहिवरले. मिलिंदची बायको सव्वा महिन्याची मुलगी घेऊन आली होती. बाई गेल्यानंतर चौथ्या दिवशी ती जन्मली. शेजारच्या शेवंतामावशींनी बाळाला घेतलं, तिच्या कपाळाकडं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘‘आवं, बघा तरी! बाईच आल्या माघारी. त्येच कपाळ, तशाच आठ्या.’’ सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू मी हो म्हणायचाच अवकाश.

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. आठ्या खरंच तशाच होत्या. हो म्हणावं, आणि बाई परत मिळाव्यात, असं फार आतून वाटलं. त्या क्षणी मला माझी आई पुरती कळली. मी पुढं होऊन बाळाला मावशींच्या हातातून घेतलं. एवढासा जीव, मान धरत नव्हती अजून. डोळे मात्र टकाटका उघडे होते, भिंत, पंखा, माणसं, सगळीकडं भिरभिरत होते.

‘‘नाही हो मावशी,’’ मी म्हणालो. ‘‘ही पहिल्यांदाच आलीय.’’

आणि तिला घेऊन मी खोलीभर हिंडलो. ही खिडकी, हे कपाट, ही पुस्तकं, असं एकेक दाखवत.