बठ्ठा बाहेर शेत ना?

नाना घरात आले की चुलीत पाणी पडायचं. लग्न होऊन मी धुळ्याहून धरणगावला आले, त्याच आठवड्यात हे पाहिलं. तव्यावर भाकरी अर्धीच भाजली होती. सासरे आत आले, पाण्याचा तांब्या चुलीत रिकामा केला आणि बाहेर गेले. राखेचा लोट माझ्या अंगावर उडाला. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "इचार तुना सासराले, भाकर पानीवर शेकास का?" आणि लगेच, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांनी मला सगळं सांगितलं.

नाना कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाला आग लागली तर आधी गोदामाचं दार लावायचं, म्हणजे वारा मिळत नाही, हा तिथला नियम. एका दुपारी ढीग पेटला आणि नानांनी लोखंडी दार ओढलं. त्यांचा जोडीदार श्रावण ढिगामागे झोपला होता. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तो आतच गेला. बाकीचं जिन वाचलं, म्हणून मालकाने नानांना नारळ आणि पटका दिला. तो पटका पेटीत तसाच घडी घातलेला होता. नानांनी तो कधी बांधला नाही, आणि टाकूही दिला नाही.

"कापूसना इस्तो दिखस नही माय, आत धुपस," कापसाचा विस्तव दिसत नाही, आत धुमसतो, असं ते कधीकधी मला म्हणत. ते कापसाबद्दलच बोलत आहेत, असं आम्ही धरून चालत होतो.

मनाच्या अशा जखमेला नाव असतं हे मला फार पुढे वाचून कळलं. तेव्हा गावात दोनच नावं होती, वेड आणि बाधा. भगताला बोलावलं, तर त्याने येऊन आधी धूपच पेटवला. नाना दोन दिवस शेतात जाऊन बसले.

हिवाळ्यात शेतात भरताची पंगत होती. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकली होती. नानांचे धाकटे भाऊ, आबा, त्यांना दंडाला धरून जाळाजवळ घेऊन आले. "बस आठे दादा. भेव असाच मोडस." आबांचा जीव होता भावावर. नाना ओरडले नाहीत, पळाले नाहीत. त्यांचे दोन्ही हात हवेत काहीतरी ओढत राहिले. माणसं हसली. मग हसू थांबलं. दार लावत होते की उघडत होते, मला सांगता येणार नाही. पण ते जाळाला भीत नव्हते, एवढं मला त्या दिवशी दिसलं.

त्यानंतर चूल पेटवण्याआधी मी त्यांना विचारू लागले, "नाना, पेटवू का?" ते उठत, माजघर बघत, कोठीत डोकावत, धान्याच्या कणगीमागे हात फिरवत. मग दारात बसून, सगळे बाहेर आहेत का, ते विचारत, "बठ्ठा बाहेर शेत ना?" आम्ही दोघी चुलीपुढेच असायचो, तरी मी म्हणायची, "बठ्ठा बाहेर शेत, नाना." "मंग पेटाड, माय."

सासूबाई कुरकुरत, "दोन सुना आन्यात मी, येक तू नि येक तुना सासरा." पण त्या दिवशी भाकरी पुरी भाजली जाई. काही दिवस असे जात. एखाद्या दिवशी उत्तर ऐकूनही ते उठत आणि तांब्या ओतत. मग मी ओली राख काढून पुन्हा चूल सारवायची. याहून जास्त मला काही जमलं नाही.

नाना छातीच्या दुखण्याने गेले. तिरडी बांधून झाली, ह्यांच्या हातात विस्तवाचं मडकं दिलं. मी पदर सावरून ह्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "विस्तव त्यांच्यापुढे नेऊ नका."

आबा कडाडले, "इस्तो पुढेच चालस. रीत शे!"

हे आबांच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. खाली मान घालून म्हणाले, "आबा, आज मागे ऱ्हाऊ दे." आबांनी एकदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिरडीला खांदा दिला. तिरडी मारुतीच्या पाराकडे वळेपर्यंत हे मडकं घेऊन अंगणातच उभे राहिले.

बायकांनी स्मशानात जायचं नसतं. मी दारात थांबले. तिथे पेटवण्याआधी घरच्यासारखं, बठ्ठा बाहेर शेत ना, असं कुणी विचारलं नसणार. आणि विचारलं असतं, तर या वेळी काय उत्तर द्यायचं होतं?